देवा, नळ गळतोय

१४ जुलै

प्रिय मावशी,

पोचले, जेवले, अजून रडले नाही. काकांना सांग, ट्रंकेचं कुलूप त्यांनी म्हटलं होतं तसंच अडलं आणि शेवटी रेक्टरबाईंनी केसातल्या पिनेने उघडलं. रेक्टरबाई म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या मुख्य. त्यांना ही विद्या येते हे कळल्यापासून सगळ्या पोरींनी आपापला खाऊ कपाटातून काढून गादीखाली हलवलाय.

कॉलेज एवढंसं आहे की वर्गात कुणी शिंकलं तर चॅपलमध्ये ऐकू येतं. प्राचार्य इतिहास शिकवतात आणि घंटाही तेच वाजवतात. परवा शिकवता शिकवता त्यांना भान राहिलं नाही. पोरांनी आठवण करून दिली तेव्हा धावत जाऊन घंटा वाजवून आले, आणि तास संपल्याचं विसरून पुन्हा शिकवायला लागले. माझ्या खोलीत एक लांबी आहे आणि एक पेंगुळी. लांबीचे पाय खाटेबाहेर येतात. पेंगुळी संध्याकाळच्या उपासनेत डोळे मिटते ती जेवणाच्या वेळीच उघडते, आणि पाळकसाहेबांना वाटतं की किती भाविक मुलगी आहे.

नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात सगळ्यांसमोर काहीतरी करून दाखवावं लागतं. मला गाता येत नाही हे तुला माहीत आहे, देवालाही तू कितीदा सांगितलंयस. मग मी एक लहानशी नक्कल केली. कुणाची ते महत्त्वाचं नाही. सगळ्या पोट धरधरून हसल्या, आणि आता मला जेवणाच्या रांगेत कुणीही पुढे घेतं.

तुझ्याविषयी लांबीला सांगत होते. आमच्या घरी नळ गळला तर मावशी काकांना सांगत नाही, चुलीशी उभी राहून देवाला सांगते, मोठ्याने, आणि शेजारच्या खोलीतले काका मुकाट्याने पाना घेऊन उठतात, हे तिला खरंच वाटेना. मावशी, तुझी सकाळची प्रार्थना कानावर पडल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही. सध्या देवाला काय काय सांगतेयस ते मला शब्दन् शब्द लिहून पाठवशील का? वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकवणाऱ्या बाईंचं काय झालं? काही गाळू नकोस. मला घरची फार आठवण येते.

तुझी,
पिपाणी

११ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं जाडजूड पत्र मिळालं. "वरच्या बाईला गाढ झोप दे देवा, म्हणजे तिच्या खुर्च्याही झोपतील" हे वाचून आम्ही खाटेवरून पडलो. आम्ही म्हणजे मी. आणि "काकांच्या गुडघ्याला आराम दे, पण एवढाही नको की परत पत्ते कुटायला जातील" हे तर मला पाठच झालंय. तू इतकं सविस्तर लिहिलंस, हात दुखला असेल. पुढच्या पत्रातही असंच लिही.

इथे सध्या एक गंमत चालू आहे. कॅन्टीनवाला विचारतो, साखर घालू का, तर पोरं म्हणतात, घाल, पण एवढीही नको. प्राचार्यांनी निबंधाला मुदत वाढवून दिली तर मागून कुणीतरी म्हणतं, वाढवा सर, पण एवढीही नको. कुणाच्या तोंडून सुरू झालं कोण जाणे. लहान कॉलेजात असं होतंच.

माझं बरं चाललंय. आता तर मुलांच्या वसतिगृहातूनही बोलावणं येतं, म्हणजे कॉमन रूममध्ये, रेक्टरबाईंसमोरच, काळजी करू नकोस. टॉवेल लवकर मळतो म्हणून आणखी एक पाठव. निळा नको, पांढरा पाठव, तू न्हाल्यावर डोक्याला गुंडाळतेस तसला.

या महिनाअखेरीला पालकांचा रविवार आहे. तुला छापील निमंत्रण आलं असेल. त्याचं काही मनावर घेऊ नकोस, ते सगळ्यांनाच जातं. बाक कडक आहेत, उपदेश लांबतो, चहा पाणचट असतो. बस दोनदा बदलावी लागते आणि काकांचा गुडघा आहेच. मी सुट्टीत येतेच आहे, मग उगीच कशाला दगदग? तुम्ही येऊ नये असं अजिबात नाही, उगीच तसलं मनात आणू नकोस. फक्त येऊ नका, एवढंच.

तुझी,
पिपाणी

१ सप्टेंबर

मावशी,

तू चहाला थांबली नाहीस. रेक्टरबाईंनी तुझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. मी फाटकापर्यंत धावत आले तोवर बस सुटली. काका खिडकीतून हात हलवत होते. तू समोर बघत होतीस.

प्रार्थना करताना तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून काय झालं ते तुला नीट कळलं नसेल. मी सांगते. पालकांच्या रविवारी आलेल्या पाहुण्यांपैकी कुणा एकाला प्राचार्य प्रार्थना करायला उभं करतात. आधी काही ठरलेलं नसतं, समोर जो चेहरा दिसेल त्याला. मी तुम्हाला मागच्या बाकावर बसवायचा केवढा आटापिटा केला ते आठवून बघ. काकांना मागून ऐकू येत नाही म्हणून तू पहिल्या बाकावरच बसलीस. आणि प्राचार्यांनी तुझ्यापुढेच हात केला.

तू पिशवी काकांकडे दिलीस, कमरेवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "देवा, ऐकतोयस ना?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. वरच्या बाईंच्या खुर्च्या आल्या, हसू वाढलं. मावशी, मागची पोरं आनंदाने हसत होती. इथली पोरं अशीच आहेत, कशालाही हसतात. "पण एवढाही नको" म्हणालीस तेव्हा तर पाळकसाहेबांनाही आवरेना. मी बघत होते, तुझ्याही ओठांवर हसू आलं. आपली प्रार्थना या मुलांना आवडली असं तुला वाटलं आणि तुझा आवाज जरा चढला. मग तू म्हणालीस, "माझ्या जिभेला लगाम दे," आणि तू पुढचं बोलायच्या आत मागच्या बाकांवरून तीन-चार आवाज एकदम म्हणाले, "उद्यापासून."

मग तू माझ्यासाठीचं वाक्य म्हटलंस. "आणि ही माझी पोर. ती माझ्या पोटची नाही हे तिला कधी जाणवू देऊ नकोस. मला तर तू केव्हाच विसरायला लावलंस."

त्या वाक्याला कुणी हसलं नाही. तेवढं एकच वाक्य कुणाच्या ओळखीचं नव्हतं. तू डोळे उघडलेस, मागे वळून सगळ्यांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. आमेन तू म्हणालीसच नाही, ते प्राचार्यांनी म्हटलं.

मला वाटतं लांबीने माझ्या टेबलावरचं तुझं पत्र वाचलं असणार आणि सगळीकडे सांगितलं असणार. ती तशीच आहे, तिच्या पोटात काही राहत नाही. मी तिला चांगलं खडसावणार आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस. उत्तर लगेच लिही.

तुझी,
पिपाणी

१९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. काकांचं कार्ड आलं. त्यांच्या त्या घड्याळातल्या काट्यांसारख्या बारीक अक्षरात त्यांनी लिहिलंय: "घरी सर्व ठीक. मावशी हल्ली मनातल्या मनात प्रार्थना करते. नळ गळत होता म्हणे, मला कुणी सांगितलं नाही. ओटा भरून पाणी खाली घड्याळांच्या दुकानात यायला लागलं तेव्हा कळलं. वरच्या बाई विचारायला आल्या होत्या की तुमच्या घरी कुणी आजारी आहे का."

ते वाचून मी जिन्यात बसून राहिले. तासाला गेले नाही.

लांबीने तुझं पत्र वाचलं नव्हतं, मावशी. मी वाचून दाखवलं होतं. कॉमन रूममध्ये खुर्चीवर उभी राहून, तू पाठवलेला पांढरा टॉवेल डोक्याला गुंडाळून, कमरेवर हात ठेवून. पहिल्या आठवड्यात नक्कल केली ती तुझीच होती. मग रोज मागणी यायला लागली आणि माझ्याजवळचं संपत आलं, म्हणून तुला शब्दन् शब्द लिहायला सांगितलं. घरची आठवण येते म्हणून नव्हे. म्हणजे आठवण येत होती, पण पत्र मागवलं ते त्यासाठी नव्हे. तू हात दुखेपर्यंत लिहीत होतीस आणि इथे पोरं विचारत होती की नवीन माल आला का.

तुला राग येईल म्हणून हे लपवलं नाही. तुला आनंद होईल अशी भीती होती. पोरं आपल्यासोबत हसतात असंच तुला वाटलं असतं, आणि तू आणखी लांब पत्र लिहिलं असतंस. चॅपलमध्ये तसंच झालं. तुझा आवाज चढला ना, तेव्हा मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तुझ्या प्रार्थनेतलं सगळं मी वापरलं. काकांचा गुडघा, नळ, तुझी जीभ, काही सोडलं नाही. फक्त माझ्यासाठीचं ते वाक्य गाळायचे. त्यात हसण्यासारखं काही नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ते तोंडातून निघालं असतं तर मला टॉवेल काढून खाली उतरावं लागलं असतं.

लांबीचं नाव पुढे केल्याचं मी काल तिला सांगितलं. ती भांडेल असं वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "अगं, आम्हाला वाटायचं तुझी मावशी तूच बनवलेली आहेस. असं माणूस खरंच असेल आणि बस बदलून येईल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही." आणि मग खाटेवर पाय लांब करून भिंतीकडे तोंड करून पडली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

लहानपणापासून ज्या आवाजाने मला जाग यायची तो मी बंद पाडला. तुझी माफी मागायला बसले की पेन तेवढ्यावर येऊन थांबतं. तुला तोंड दाखवायला मला लाज वाटते.

पिपाणी

१३ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

इथे प्रत्येकाला वर्षातून एकदा संध्याकाळची प्रार्थना सांगावी लागते. माझी पाळी काल आली. पाळकसाहेबांना मी सर्दी झाल्याचं सांगून बघितलं. ते म्हणाले, देवाला नाकातलं बोलणंही समजतं.

एरवी त्या वेळी चॅपलमध्ये पुढचे दोन बाक भरले तरी पुष्कळ. काल मुलं भिंतीला टेकून उभी होती. कशासाठी आली होती ते मला कळत होतं, मी महिनाभर कॉमन रूममध्ये पाय ठेवला नव्हता ना. मी ठरवून गेले होते की आपलं आपण, साधं, पुस्तकातल्यासारखं काहीतरी बोलायचं. उभी राहिले. डोळे मिटले. आणि हात आपोआप कमरेवर गेला. तोंडून निघालं, "देवा, ऐकतोयस ना?" तुझ्याच आवाजात.

सगळीकडे हसू फुटलं. मावशी, मी नक्कल करत नव्हते गं. मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने प्रार्थना करताच येत नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी दुसऱ्या कुणाकडून ती शिकलेच नाही. पुढचा एकही शब्द सुचेना. आमेन म्हटलं आणि बसले.

प्राचार्य म्हणाले, थोडक्यात होती, छान होती. कॅन्टीनवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, प्रार्थना आटोपल्यामुळे त्याला काल लवकर बंद करायला मिळालं होतं. पेंगुळीने डोळे उघडून विचारलं, झालं सुद्धा? सगळं हसण्यावारी गेलं. माझी लाज माझ्यापाशीच राहिली.

लांबी माझ्याशी बोलायला लागलीय. परवा तिने मला आपली उशी दिली आणि म्हणाली की सुट्टीत घरी जायला घाबरत असशील तर आमच्याकडे चल. तुला मी आलेलं नको असेल तर काकांना तसं लिहायला सांग. काही कळवलं नाहीस तर मी शनिवारी येते.

पिपाणी

९ नोव्हेंबर

देवा, ऐकतोयस ना?

हे पत्र तुला आहे. पाकिटावर मावशीचा पत्ता घातलाय कारण तुझ्याशी बोलायची आमच्या घरची जागा तीच आहे. मावशी आसपास असेल तर असू दे, तिला मुद्दाम उठवू नकोस.

मी सुट्टीला घरी गेले होते, तू बघितलंसच. मावशीने दार उघडलं, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि वाळलीस म्हणाली. जेवायला वाढलं. खोकल्याची चौकशी केली. परीक्षा, कपडे, केसातल्या उवा, सगळं विचारलं. कुणी बाहेरच्याने बघितलं असतं तर म्हटलं असतं, या घरात काहीच झालेलं नाही. फक्त रोज सकाळी ती चुलीशी उभी राहायची, ओठ मिटून, आणि काका दाढी करताना आरशातून तिच्याकडे बघत बसायचे. एकदा ते मला हळूच म्हणाले, "घर बंद पडल्यासारखं वाटतंय. किल्ली कुठली ते तुला ठाऊक असेल तर बघ." दुसऱ्यांची घड्याळं चालू करणारा माणूस, देवा, माझ्याकडे आला.

मी रोज माफी मागायला जायचे. तोंड उघडलं की मावशी माझ्या हातात काहीतरी द्यायची, कांदा चिरायला, चादरीचं टोक धरायला. मी ते धरायचे आणि परत यायचे. सुट्टी अशीच संपली.

निघायच्या दिवशी सकाळी काका दुकान उघडायला खाली गेले होते. मी आतल्या खोलीत ट्रंक भरत होते. स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला. "देवा, नळ गळतोय."

तेवढंच. पुढे गुडघा नाही, खुर्च्या नाहीत, काही नाही. मी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिले. तू तर नळ कधीच दुरुस्त केला नाहीस, देवा, काका करायचे. काका खाली होते. घरात मी एकटीच होते, आणि हे तिला माहीत होतं.

मी फळीवरचा पाना काढला. काका करताना इतकी वर्षं बघितलं होतं, म्हणून येतं असं वाटलं. पाना लावून फिरवला तर सगळं पाणी माझ्या तोंडावर. डोळ्यात, नाकात, प्रवासाच्या कपड्यांवर. मागून मावशी तुला म्हणाली, "आणि तिला सांग, आधी खालची चावी बंद करतात." मी चावी शोधली. मग नळातला रबरी वायसर बसवायला घेतला. "तो उलटा बसवतेय हेही सांग," मावशी म्हणाली. आणि हसली. कमरेवर हात ठेवून, मोठ्याने, मला बघून. मी नळाखाली भिजून बसले होते आणि ती हसत होती. मला ते लागलं, देवा. जेवढं लागायला हवं होतं तेवढं लागलं.

मग तिने टॉवेल आणून माझ्या डोक्यावर टाकला. पांढरा. आणि स्वतःच पुसायला लागली, जरा जोरातच, कान दुखेपर्यंत. तेव्हाही माफी मागायची राहूनच गेली. म्हणून आता तुला सांगते, तू तिला सांग.

तिला सांग की ते वाक्य मी गाळायचे, पण ते मला पाठ आहे. त्या घरात राहून मला कधीच जाणवलं नव्हतं की मी तिच्या पोटची नाही. इथे खुर्चीवर उभी राहून, लोकांना हसवायला, मीच तिला कुणीतरी दुसरी बाई करून टाकली. तिने इतकी वर्षं जे होऊ दिलं नाही ते मी एका टॉवेलात केलं. तिला म्हण, पोरीला माफ कर. तू म्हण. मला तिच्यासमोर म्हणायला अजून तोंड नाही.

काकांच्या गुडघ्याला आराम दे, एखाद दिवस पत्ते खेळायला गेले तर जाऊ दे. वरच्या बाईंना सांग, घरात कुणी आजारी नाही. लांबीला तिच्या मापाची खाट दे. आणि मला अक्कल दे, आजपासून दे, उद्यापासून नको.

वायसर मी शेवटी उलटाच बसवलाय, देवा. तो नळ पुन्हा गळणार. गळला की तिने मोठ्याने सांगावं.

आमेन.

पिपाणी